देवघरातल्या खांबाची खुशाली

मुक्काम थाम्दिङ, बटाटे काढून झाल्यावर

थोरले मेहुणे छोवाङ दाजू यांच्या पायांशी धाकट्या ग्याल्झेनचे दोन्ही हात पोचावेत.

इकडे सगळे सुखरूप आहेत. (हे वाक्य आधीच लिहून टाकतो. मागाहून लिहायला गेलो तर हात अडखळेल.) तुमची साखर आटोक्यात आहे ना? वहिनींचे गुडघे काय म्हणतात? धाकटी नात अजून भिंतीवर रेघोट्या ओढते का? आणि देवघरातला तो धुपीच्या लाकडाचा खांब कसा आहे? अजून वास येतो का? पावसाळ्यात कुठं चीर तर नाही ना पडली? घरभरणीला आलो होतो तेव्हा त्याला पाठ लावून बसलो होतो आणि डोळे मिटल्यावर वाटलं, आपण घरीच आहोत. तुम्ही म्हणालात, शहरातल्या वखारीतून आणला. वखार चांगली दिसते. आपल्या चढावरची धुपीची झाडं हिमनदीच्या वाऱ्यानं डावीकडे पीळ खातात, तसाच पीळ त्या खांबालाही आहे. म्हणजे वखारीतसुद्धा वारं चांगलं सुटत असणार.

फोनच केला असता. पण अलीकडे मी 'रानाचं जरा बोलायचं होतं' म्हणालो की तुमच्याकडचं नेटवर्क जातं. शहरातलं नेटवर्क इतकं लाजाळू असेल असं वाटलं नव्हतं. पत्राचं बरं असतं. ते मध्येच तुटत नाही, आणि फाडायचं म्हटलं तरी माणूस आधी वाचून घेतो.

तर यंदा रानाच्या राखणदारीची पाळी माझ्यावर आली. गावावरचं रान लामांनी मंत्र म्हणून बंद केलेलं, त्यातली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार? तुमचे वडील दोनदा राखणदार होते. तेच म्हणायचे, राखणदारानं चोराचं नाव तोंडातून काढायचं नाही. चोरानं आपण होऊन यावं, घरी गाळलेल्या छांगचा घडा आणावा, घड्याच्या काठाला लोण्याची तीन बोटं लावलेली असावीत. तोडलेल्या बुंध्यापाशी कुऱ्हाड खाली ठेवावी, मग सगळ्यांनी बसून घडा रिकामा करावा. नाव घेतलं की माणूस जन्माचा चोर होतो, आपण होऊन आला तर घडा संपेपर्यंत पुन्हा शेजारी झालेला असतो. मी त्यांचा जावई. त्यांचा नियम मोडणार नाही. या पत्रात कुणाचंही नाव येणार नाही, निश्चिंत असा.

माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. दुसऱ्यांचं रॉकेल पाठीवर वाहत या दरीत आलो तेव्हा दोन कान सोडून माझ्यापाशी भांडवल नव्हतं. (तुम्ही तेव्हा आमाला म्हणाला होता, 'हा हमाल तुझ्या लेकीला, यांजीला, काय खायला घालणार?' मी पडवीत होतो. ऐकलं. राग नाही, त्या बोलण्यानंच तर हे लॉज बांधून झालं.) आजही पायऱ्यांवरच्या बुटांच्या आवाजावरून सांगतो की पाहुणा खोली घेणार, की नुसतं गरम पाणी मागून पुढच्या गावाला जाणार. अशा कानांना बटाटे काढून झाल्यावर एका दुपारी, दरीतून धुकं वर आल्याबरोबर, रानातून आवाज आला. ठक, ठक. मग एक श्वास. मग ठक.

मला वाटलं सुतारपक्षी. सुतारपक्षी दम घेत नाही, हे नंतर सुचलं.

नेमके तेव्हा माझ्याकडे डेन्मार्कचे प्रेबेन साहेब आणि त्यांच्या बाई आनेग्रेटे काचेच्या खोलीत आल्याचा चहा पीत बसले होते, आणि डोक्यावर मीच रंगवलेली पाटी होती: 'या घरात लाकूड जळत नाही.' बाईंनी पाटीकडे पाहिलं, रानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, पक्षी आहे. त्या म्हणाल्या, आमच्या देशात पक्ष्यांना कुऱ्हाड मिळत नाही. खाली उतरल्यावर त्यांनी संरक्षित क्षेत्राच्या गावसमितीला सविस्तर कळवलं की थाम्दिङचा राखणदारच रान तोडतो आणि वर सूर्यचुलीचा फोटो दाखवतो. झालं. रान राखणाऱ्या लॉजला मिळणारं हिरव्या पानाचं मानचिन्ह माझ्या दारावरून काढून घ्यायचं की काय, याची चौकशी लागली. ते पान गेलं की वाटाडे पाहुण्यांना माझ्या दारावरून पुढे नेतात, हे तुम्ही जाणता. पहिली काही वर्षं, वाटाड्या होतात तेव्हा, तुम्हीच त्यांना माझ्या दारावरून पुढे नेत होतात.

समिती आली. आधी बटाट्याची धिरडी खाल्ली, याकचं लोणी लावून. (चौकशीला आलेल्यांची भूक फार निरागस असते.) समोरच्या लॉजवाला पुर्बा अर्थातच समितीत आहे. तो तोंड पुसत म्हणाला, "ग्याल्झेन, मांजराला दूध राखायला ठेवलं तर निदान मिशा तरी पुसायच्या असतात." सगळे हसले. मीही हसलो, आणि तेवढ्यात धुकं खिडकीशी आलं.

ठक, ठक. श्वास. ठक.

मी त्यांच्यासमोर बसलेलो, दोन्ही हात पिठाचे. म्हणजे निदान मी तरी नव्हतो. आम्ही सगळे रानात शिरलो. आवाज पुढे, आम्ही मागे. धुक्यात झाडांचे बुंधे अचानक अंगावर येत होते, माणसं उभी असल्यासारखे. पुर्बानं एका बुंध्याला 'कोण रे तू?' म्हणून विचारलंसुद्धा. (हे तो आता नाकारतो.) हाताच्या अंतरावर आल्यासारखं वाटलं आणि आवाज थांबला. समोर एक जुना बुंधा होता, काही हिवाळ्यांपूर्वी तोडलेला. कुणीतरी त्यावर दगड रचून, शेवाळ टाकून झाकला असावा. कारण ते दगड आता बाजूला नीट मांडून ठेवले होते, पाहुण्यासाठी पाट मांडावा तसे. आणि बुंध्याभोवती लालसर ढलप्या होत्या. ओल्या. डिंक बोटाला चिकटत होता. भुईवर पातळ बर्फ पडलं होतं, आणि त्यावर आमच्या पावलांशिवाय कुणाचं पाऊल नव्हतं. झाड पडलेलं नव्हतं. जे पडायचं ते केव्हाच पडून गेलं होतं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. राखणदाराला नियमात राहून एवढंच करता येतं.

कारण दाजू, तो ठेका मी ओळखला होता. कुणाचा ते लिहीत नाही. एवढंच लिहितो की एका माणसाचा उजवा खांदा तरुणपणी याकाच्या ढुशीनं निखळला होता आणि तेव्हापासून तो दोन घाव घालतो, दम खातो, मग तिसरा घालतो. तो माणूस आता शहरात असतो, नातवंडांत सुखी आहे. त्या दिवशी घरी परतलो तर आवाज पुन्हा चालू झालेला. यांजीनं तुम्हाला फोन लावला, आठवत असेल. तुम्ही उचललात, म्हणालात, आत्ताच जेवून आडवा झालोय. कानात तुमचा आवाज आणि खिडकीबाहेर ठक, ठक, श्वास, ठक. तिनं फोन ठेवला. तेव्हापासून धुकं आलं की ती त्या बाजूची खिडकी लावून घेते.

लामांकडे गेलो. वाटलं, ते रान कोपलंय म्हणतील, मोठी पूजा सांगतील. ते जपमाळ ओढत म्हणाले, "रान रागावलेलं नाही. त्याला वाटतंय, अजून तोडताहेत. घाव घालणारा गेला, पण कुऱ्हाड खाली ठेवून 'झालं' म्हणालाच नाही कुणी. मग ते बिचारं ऐकत बसलंय." आणि मला चहा विचारून आत गेले.

(पुर्बाचं सांगायचं राहिलं. माझ्या दारावरचं पान गेलं नाही, उलट ही बातमी वाटेवर पसरली आणि दुपारी धुकं ऐकायला माझ्याकडे पाहुण्यांची रांग लागली. ते पाहून पुर्बानंही आपल्या मागच्या अंगणात आवाज सुरू केला. लाकूड तोडायची बंदी, म्हणून जुन्या फळीवर हातोडा मारतो. पण त्याचं भूत ठेक्यात कच्चं आहे. धुकं नसतानाही वाजतं, आणि बायकोनं हाक मारली की 'आलो' म्हणतं.)

इथवर हसत लिहिता आलं. आता आमाचं.

तुम्हाला कळवलं नव्हतं. तुम्ही काळजी कराल आणि नेटवर्क जाईल. पहिल्याच दिवशी आवाज आल्याबरोबर आमा शेगडीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "छोवाङ आला. माझ्यासाठी लाकडं फोडतोय. चहा ठेवा." आम्ही समजूत घातली. तिनं ऐकल्यासारखं केलं आणि मिठाच्या चहाचा वाडगा भरून उंबऱ्यावर ठेवला. तुमचाच, चांदीच्या काठाचा. दुसऱ्या दिवशी मंत्रांच्या दगडी भिंतीवर ठेवला. मग रानाच्या कडेला. कडेला म्हणजे जिथून पुढे एक पाऊल डावीकडे चुकलं की खाली थेट नदी. वाडगा दर वेळी रिकामा सापडायचा. मी म्हणायचो, कावळे. आपल्याकडचे कावळे लोण्याचा चहा पितात, हे मी यांजीला इतक्यांदा सांगितलं की मलाही पटायला आलं होतं.

आमाला कोंडून ठेवणं मला जमत नाही. माझ्या लग्नाला सगळे पाठ फिरवून बसले होते तेव्हा लोणी लावलेला घडा तिनंच माझ्यापुढे धरला होता. म्हणून तिच्या शालीला याकाची घंटी बांधली. कान माझे, घंटी तिची. पाहुण्यांना मजा वाटते, फोटो काढतात. काल भाजी चिरताना ऐकलं तर घंटी रानाच्या आत. माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. ठक, ठक, श्वास, आणि तिसरा घाव पडलाच नाही. घंटीही थांबली. धुक्यात पळालो, डावीकडे जायचं नाही एवढं मनात म्हणत. ती समोरून येत होती, सावकाश, हसत. तिच्या पांढऱ्या केसांत लाल ढलप्या अडकल्या होत्या.

म्हणाली, "जावई, पळता कशाला? त्याचं काम आटपत आलंय. उद्या जेवायलाच येतो म्हणाला."

ढलप्या मी केसांतून काढल्या. वास ओळखीचा होता. तुमच्या देवघरातला.

तो 'उद्या' आज आहे. आमा सकाळपासून मांस शिजवते आहे. खाली जाणारा खेचरवाला अंगणात ओरडतो आहे, म्हणून इथंच थांबतो. वहिनींना नमस्कार, नातीला पापा, खांबाला हात लावून माझी आठवण सांगा.

आपला धाकटा,
ग्याल्झेन

ता. क. आता खरं काम. या. खांब आणू नका. तो काढलात तर वरचं छप्पर खाली येईल, आणि लामांना तो नकोच आहे. फक्त ती कुऱ्हाड आणा. घडा मी भरून ठेवलाय, लोण्याची बोटं यांजी लावेल. घडा कुणी आणला हे आजवर या गावात कुणी कुणाला विचारलेलं नाही.

ता. क. दुसरा. आवाज थांबला तर पाहुणे थांबतील आणि माझं नुकसान होईल, असा विचार तुमच्या मनात येईल. माझ्याही आला होता. समिती तर रानाच्या कडेला बसून ऐकायला बाक टाकणार आहे. तरी या. येताना गॅसच्या शेगडीचे दोन वायसर आणा, इथं मिळत नाहीत.

ता. क. तिसरा. खेचरवाल्याला थांबवून पत्र पुन्हा उघडलं आहे. धुकं आलं, पण आज आवाज आला नाही. बाहेर ओट्यावर आमानं तुमचं ताट वाढलं, वाडगा भरला, आणि आम्हाला आत बसायला लावलं. मी कान देऊन बसलो होतो, दाजू, आणि मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. धुकं उतरल्यावर बाहेर पाहिलं. ताट स्वच्छ. वाडगा धुऊन, पुसून, पालथा घातलेला.

तुम्ही जन्मात आपला वाडगा धुतलेला नाही. म्हणजे आला होता तो तुम्ही नव्हता, एवढं आता नक्की झालं. आमा वाडगा पाहून फार खूश आहे. म्हणाली, "शहरात जाऊन पोरगा सुधारला गं." आता तुमच्या खोलीत अंथरूण घालते आहे.

दाजू, सुधारू नका. आहात तसेच या, पण ती त्याला 'आत ये' म्हणायच्या आधी या.