भाऊजी, मोटरसायकल मिळणार नाही

श्री. भाऊजींना वहिनीचा नमस्कार.

तुमची कंबर, जाऊबाईंचा गुडघा आणि दुसऱ्यांच्या वस्तूंविषयी तुम्हा उभयतांना वाटणारी कळकळ, तिन्हींची प्रकृती उत्तम असेल असं धरून चालते. माझं छान आहे. उजवं कोपर सोललंय, पोटरीला सायलेन्सरचा चटका बसलाय, आणि बाकी जे काही आहे ते दिराला लिहिण्यासारखं नाही.

तुमचं पत्र पोचलं. ‘दादांची मोटरसायकल शेडमध्ये गंजण्यापेक्षा घरच्या माणसाच्या हाती असावी, रविवारी न्यायला येतो’ हे वाचून ऊर भरून आला. चौतीस वर्षं या घरात काढल्यावर मी घरची की बाहेरची हे एकदाचं कळलं. (इतकं स्पष्ट तुमचे बंधूही कधी बोलले नाहीत.) पण गेल्या महिन्यात जेवताना सगळ्यांदेखत तुम्हीच म्हणाला होतात, “वहिनींनी लायसन्स काढून दाखवावं, मग मी त्या गाडीचं नावही काढणार नाही.” सगळे हसले. जाऊबाईंना तर ठसका लागला. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण घास तोंडात असताना बोलू नये असं कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी शिकवलंय. आता तोंड रिकामं आहे. येत्या गुरुवारी माझी परीक्षा आहे. पास झाले तर गाडी माझी, नापास झाले तर रविवारी खुशाल घेऊन जा.

या वयात हे खूळ कशाला, असं जाऊबाई विचारतीलच. त्यांना सांगा, तुमचे बंधू गेल्यापासून मला न्यायला-आणायला माणसांची रांग लागली आहे. “फक्त फोन करा, सोडतो” असं जो तो म्हणतो, आणि मग मी पर्स घेऊन फाटकापाशी पाऊण तास उभी असते. मार्चमध्ये तुम्ही मला दाताच्या डॉक्टरकडे नेणार होतात. आता तसदी घेऊ नका. दात पडला.

कोणतंही काम आधी पुस्तक वाचल्याशिवाय करायचं नाही, हा माझा शिरस्ता. (संसार तेवढा न वाचता केला. परिणाम तुम्ही जाणताच.) म्हणून वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक दोनदा वाचलं, समासात टिपणं काढली, आणि मग ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांपुढे उभी राहिले. मास्तर माझ्या निम्म्या वयाचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, “मावशी, गुडघे टाकीला घट्ट चिकटवा.” शाळेत अकरा वर्षं ‘मुलींनो, गुडघे जवळ’ हेच ऐकलं होतं. मध्ये पेट्रोलची टाकी येईल हे तेवढं सिस्टरांनी सांगितलं नव्हतं. मग क्लच. “हळूहळू सोडा मावशी, लाडीगोडीने.” मी म्हटलं, लाडीगोडी मी पोटच्या पोरीशी केली नाही, या लोखंडाशी कुठून करू? सोडला एकदम. गाडी उसळली आणि मैदानाच्या टोकाला वाचनालयाची भिंत आहे तिथे जाऊन थांबली. भिंत आधीपासून तिथेच होती, हे मी मान्य करते. पण मास्तरांनी “ब्रेक, ब्रेक” असं ओरडताना कुठला, पुढचा की मागचा, हे सांगायला नको? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी पस्तीस वर्षं सुपरवायझर होते. असा अर्धवट निरोप देणाऱ्याला मी घरी पाठवलं असतं.

दोन आठवड्यांत मी रस्त्यावर आले (जाऊबाईंनी याचा भलता अर्थ घेऊ नये), आणि तिथे पुस्तकाने घात केला. वळण्याआधी उजव्या हाताने खूण करावी, असं त्यात चित्रासकट छापलंय. डावीकडे वळायचं असेल तर तोच हात गोल फिरवायचा. आता अ‍ॅक्सिलरेटरही त्याच हातात असतो, हे चित्र काढणाऱ्या विद्वानाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. मी नियमाप्रमाणे हात बाहेर काढते आणि गाडी नियमाप्रमाणे बंद पडते. गेल्या मंगळवारी, मास्तर मागे बसलेले असताना, बाजारातल्या चौकात, बरोबर मधोमध, मी डावीकडची खूण केली. गाडी थांबली. मला वाटलं, निदान वाहनं तरी माझी खूण वाचतील. वाचली एका बसनेच. ती करकचून माझ्यापाशी उभी राहिली आणि कंडक्टर दारातून ओरडला, “चढा लवकर! गाडीला मागून यायला सांगा!”

मी त्याला शांतपणे पृष्ठ बेचाळीस समजावून सांगितलं. मागे भोंगे वाजत होते, मी किक मारत होते, आणि बसमधले प्रवासी किका मोजत होते. नऊ झाल्यावर ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. “आजी, ही असली खूण आम्ही जन्मात पाहिली नाही.” मी विचारलं, “मग तुम्हाला लायसन्स दिलं कुणी?” त्याने माझ्या गाडीवरच्या लाल ‘एल’कडे पाहिलं आणि म्हणाला, “ज्याने तुम्हाला अजून दिलं नाही, त्यानेच.” अख्खी बस हसली. मागे बसलेले मास्तरही हसले, आणि गाडीवरून उतरून त्याच बसने घरी गेले. संध्याकाळी त्यांचा फोन. “मावशी, तुम्हाला रस्ता नको, कोर्ट पाहिजे. मी नाही येत.”

असो. मास्तर गेले, तरी विद्या माझ्यापाशी आहे. गुरुवारी मी पास होणार, यात मला तिळमात्र शंका नाही.

कळावं. लोभ असू द्या, मोटरसायकलचा सोडून.

तुमची वहिनी

ता. क. शिकाऊ माणसाच्या मागे लायसन्सवाला माणूस बसलेला असावा असा नियम आहे, आणि परीक्षेचं मैदान घरापासून सहा मैलांवर आहे. लेकीला फक्त मोटार येते. थोडक्यात, गुरुवारी सकाळी आठ वाजता या आणि माझ्या मागे बसा. माझ्या पडण्यात तुमचा फायदा आहे, हे मी विसरलेले नाही. पण मी पडले तर मागे तुम्हीच असाल, हे तुम्हीही विसरू नका.

ता. क. २ मागे बसल्यावर गप्प बसू नका. चौतीस वर्षं मी मागून सांगत आले आणि तुमचे बंधू ऐकत नव्हते. आता मी ऐकायला तयार आहे आणि मागे कुणी बोलत नाही. तुमचा आवाज फोनवर थेट त्यांच्यासारखा येतो. काहीही बोला. चुकीचा रस्ता सांगितलात तरी चालेल, तेही चुकीचाच धरायचे.

ता. क. ३ ओळखीचा टेम्पोवाला असेल तर त्यालाही आमच्या मागून यायला सांगा. गाडी न्यायला नव्हे. आपल्या दोघांना परत आणायला.