आधी उंट बाहेर

३ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर डोळ्याचा विषय काढला की तुमच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात नेमकं गिऱ्हाईक येतं, म्हणून लिहितेय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, चार महिन्यांत मोतीबिंदू काढला नाही तर डावा डोळाही हातचा जाईल. उजव्याचं ऑपरेशन फसलं, त्याची धास्ती मला कळते हो. पण असं किती दिवस रेटणार? इथे लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या रक्ताच्या काचा तपासते, आणि जीव सगळा तिकडे.

तर तुमची अट मान्य. पत्राने बुद्धिबळ, पांढरी तुमची. मी हरले तर ऑपरेशनचं नाव काढणार नाही. नुसती बरोबरी साधली तरी तुम्ही मुकाट्याने टेबलावर आडवं व्हायचं. फोनवर ठरल्याप्रमाणे दोघांनी वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. मग तुम्ही शेजारचं प्यादं खायला पुढे केलंत. मी राजापुढचं प्यादं एक घर सरकवून माझ्या प्याद्याला टेकू दिलाय. घ्या!

लोभ आहेच, तो असू द्या. हट्ट तेवढा कमी करा.
तुमची,
घाईबाई

९ जून

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद.

अगं, काय केलंस हे! वजिराकडचा उंट स्वतःच्याच प्याद्यामागे कोंडलास. बसेल तिथेच जांभया देत. ही चाल मी धरत नाही, परत घे. टेकू द्यायचा तो उंटापुढच्या प्याद्याने, एकच घर. मग दोघांचे घोडे निघाले की माझं प्यादं खुशाल खा, पण राखत बसू नकोस. मी ते वसूल करणारच. मी त्यात गुंतलो की तू उंट काढ. आधी उंट बाहेर, मग राजापुढचं प्यादं सरकवून दार लाव. असा बचाव मोडता मोडत नाही.

शेजारचे शिंपीकाका हसतात, म्हणतात प्रतिस्पर्ध्यालाच शिकवतोय. काय करू, वाकडी चाल बघवत नाही. डोळा ठीक आहे. घाई करू नकोस, टपाल कुठे पळून जात नाही.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
बाबा

१८ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचा बचाव मला समजला, आणि त्याचाच आता राग येतोय. अडीच महिन्यांत आठ चाली! उंट बाहेर, दार बंद, माझं काही हलत नाही आणि तुमचंही. काल काचांवर नंबर टाकताना लक्षात आलं, मी जितकी घट्ट खेळीन तितकं तुमचं ऑपरेशन लांबणार. म्हणून शिकवलंत ना मला? कमाल आहे तुमची! खरा बचाव तुम्हीच खेळताय.

आणि या वेळी तुम्ही वजीर ज्या घरात नेलाय, तिथे तुमचाच घोडा बसलाय. उभ्या आयुष्यात तुम्ही अशी चूक केली नाहीत. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बाबा, दिसतंय ना तुम्हाला? प्यादं राखत बसू नकोस म्हणालात, मग तुम्ही काय राखत बसलाय? मी बरोबरी मागतेय. रजा टाकलीय, पुढच्या शनिवारी येते.

रागावलेली, पण तुमचीच,
घाईबाई

२४ ऑगस्ट

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर शिंपीकाकांचं आहे, बोलतोय मी. तुझी पत्रंही तेच वाचून दाखवतात. दोन महिने झाले, पट दिसत नाही. सोंगट्यांची डोकी चाचपून खेळत होतो, चाल अंदाजाने मीच खरडत होतो. त्या दिवशी बाहीने घोडा खाली पडला, मला पत्ताच नाही. घर रिकामं लागलं म्हणून वजीर ठेवला. घोडा नंतर काकांना स्टुलाखाली सापडला.

घड्याळं घेतो आणि पार्ट यायचाय म्हणून ठेवून देतो. खोटं बोलायचाही कंटाळा आला गं. मुद्दाम लांबवत होतो, हे खरं. उजव्याची पट्टी सोडली तेव्हा समोर अंधारच होता, तो पुन्हा बघायची हिंमत नव्हती. अजूनही नाही. भीती वाटते. पण काकांनी तुझं पत्र वाचलं तेव्हा मला माझी लाज वाटली.

बरोबरी मान्य. पुढची चाल लिहू नकोस, तू ये. लोकांची घड्याळं परत केली, दुकानाला कुलूप लावलं. शनिवारी सकाळपासून मी बाहेर पायरीवर बसलेला असेन. तू दिसणार नाहीस, तेव्हा लांबूनच हाक मार.

तुझा,
बाबा