लाल बंबाला फुटलेली पिसं

आदरणीय ओल्द्रिखदादांना रादिमचा सविनय नमस्कार,

ब्रनोत आपण आणि वहिनी खुशाल असाल, थंडीत आपला गुडघा फार छळत नसेल, अशी आशा करतो. इकडे सगळे धडधाकट आहेत. आपल्या मातोश्री तर जरा जास्तच. (हे पत्र त्यांच्या हाती पडू देऊ नये.)

येत्या रविवारी गावच्या अग्निशमन दलाची शताब्दी आहे. आपले स्वर्गवासी वडील जो बंब चालवायचे, त्याचं वीतभर मॉडेल दलाला भेट देतो, असं बिअरच्या भरात मी दलप्रमुख हाव्रान यांना कबूल करून बसलो. हिवाळा त्यातच गेला. रंग फवारायचा हा एअरब्रश म्हणजे दिसायला पेनाएवढा, पण नखरे नव्या नवरीचे. रंग घट्ट झाला की संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो, पातळ झाला की ओघळतो. कितीदा तरी खरवडून शेवटी असा लाल जमला की त्यात माझं नाक स्वच्छ दिसू लागलं. (त्या नाकाबद्दल आपल्या भगिनीचं मत आपण ऐकलंच आहे.)

राहिला होता फक्त चकाकीचा शेवटचा हात. तो वाळेपर्यंत त्यावर धुळीचा कणही बसता कामा नये. म्हणून मी कोठीच्या खोलीत दार लावून बसलो आणि वास जावा म्हणून खिडकीत हवा बाहेर ओढणारा पंखा लावला. नेमक्या त्याच दुपारी मातोश्रींनी शेजारच्या स्वयंपाकघरात हंसांची पिसं देठावरून सोलायला बायका जमवल्या. दादा, आपल्याच कन्येच्या लग्नाच्या दुलईसाठी! त्या बैठकीचे नियम आपण जाणता. पिसं उडू नयेत म्हणून दार उघडायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. गेल्या वर्षी मी एकदा शिंकलो, तर मला बर्फात अंगणात उभं केलं होतं.

तर अशा मातोश्रींनी स्वतः कोठीचं दार सताड उघडलं आणि गोड पावांचं ताट पुढे करून विचारलं, "जावईबापू, कोलाच खाता का गरमगरम?" पंख्याने आपलं काम चोख केलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा पिसांचा ढीगच्या ढीग माझ्या डोक्यावरून खिडकीकडे निघाला आणि वाटेत ओल्या बंबावर मुक्कामाला उतरला. "अगंबाई, याची तर कोंबडी झाली!" शेजारच्या व्लास्ताबाई ओरडल्या. मातोश्री शांतपणे म्हणाल्या, "होऊ दे. उबेला बरी."

दादा, माझं डोकं फिरलं आहे. शनिवारच्या गाडीने या आणि दुलई होईपर्यंत त्यांना ब्रनोला घेऊन जा. हात जोडतो.

आपला नम्र,
रादिम

ता.क. आत्ताच खाली जाऊन आलो. मातोश्रींनी बंब सासऱ्यांच्या फोटोजवळ नेऊन ठेवला आहे आणि भुवयांच्या चिमट्याने पिसं काढताहेत, फक्त ड्रायव्हरच्या बाजूची. "रविवारपर्यंत पुन्हा रंगवून देतो," म्हटलं, तर माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "हात लावू नका. असला केसाळ बंब हाव्रान कशाला मागतोय? राहू दे घरीच."

ता.क. पुन्हा एकदा. शनिवारी येऊ नका. हाव्रान आपले शाळासोबती, त्यांना आपणच कळवा की अडाणी जावयाने बंबाचा पार विचका केला. माझ्या अब्रूची चिंता नको. इतक्या वर्षांत मातोश्रींनी माझ्या हातची ही पहिलीच वस्तू घरात ठेवून घेतली आहे.