भेटीत खोट नाही, बॅटरीत आहे

नाशिक रोड,
मंगळवार, ३१ मार्च.

सन्माननीय व्याही चिमाजीराव निकम यांस, खंडेराव गायधनी याचा मनापासून नमस्कार. विहीणबाई नवसाबाईंनाही सांगावा. इकडे सगळे बरे आहोत. मंगलाचा रक्तदाब तिच्या स्वभावाप्रमाणेच वरखाली होतो, रोहितची अंबडच्या कारखान्यात याही आठवड्यात सकाळची पाळी आहे, आणि तुमची निकिता सुखरूप आहे (हे पुन्हा सांगतो, कारण पुढचं वाचताना तुम्हाला शंका येईल). विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? तो मलमवाला वैद्य बंद केला का? उन्हाळ कांदा निघाला असेल, कांदाचाळीत भरायची धांदल असेल. अशा वेळी चार पानी पत्र वाचायला लावणं हा अन्यायच आहे. पण इलाज नाही, फोनवर आपलं का जमलं नाही ते शेवटी येईलच.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ही तक्रार नाही. लग्नात तुम्ही पोरीला जो लॅपटॉप दिलात तो आम्ही मागितला नव्हता, तुम्ही हौसेने दिलात, आणि असा लॅपटॉप आमच्या अख्ख्या कॉलनीत नाही. मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांच्या वस्तूत खोड काढली की ती बातमी तुमच्या चांदवडला पोचायला एक बस पुरते, आणि परतीच्या बसने काय काय येतं हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून मंगलाने मला देवासमोर बसवून वदवून घेतलंय की पत्रात ‘खराब’ हा शब्द यायचा नाही. तो येणार नाही. लॅपटॉप उत्तम आहे. पडदा उत्तम, बटणं उत्तम. फक्त बॅटरी सात मिनिटं चालते.

सात मिनिटांत निकिताच्या मीटिंगचा नमस्कारसुद्धा आटपत नाही. इकडे लाईट दिवसातून दोनदा जाते, आणि गेली की लॅपटॉप मान टाकतो. गेल्या महिन्यात तिची मोठी बाई (पुण्याच्या ऑफिसातली) बोलत असताना पोरगी पाच वेळा पडद्यावरून नाहीशी झाली. आता कंपनीने लेखी कळवलंय, की घरून काम नीट होत नसेल तर पंधरा एप्रिलपासून पुण्याच्या ऑफिसात येऊन बसा. म्हणजे पुण्यात खोली, रोहित इकडे, ती तिकडे, आणि या घरात मी आणि मंगला एकमेकांची तोंडं बघत. चिमाजीराव, खरं सांगतो, ती घरात आल्यापासून घराला आवाज आलाय. ती गेली तर मला करमायचं नाही. आणि बॅटरीची वॉरंटी येत्या रविवारी संपते.

आता तुम्ही म्हणाल, खंडेराव, तुम्ही तर एसटीच्या आगारात एकतीस वर्षं बॅटरी सेक्शनला होता, तुमच्या घरात बॅटरी मरतेच कशी? अगदी हाच प्रश्न कॉलनीतल्या प्रत्येकाने मला विचारलाय, तोही हसत हसत. एकतीस वर्षं मी बसच्या बॅटऱ्या सांभाळल्या. कुठल्या बॅटरीला पाणी कमी आहे हे मी नुसत्या वासावरून सांगायचो. त्यामुळे हे यंत्र घरात आलं त्याच दिवशी मी जाहीर केलं, की लॅपटॉपचं बाकी सगळं तुमचं, बॅटरी माझी. कोणी हरकत घेतली नाही. (रोहित काहीतरी बोलला होता. पण त्याला स्वतःच्या मोटारसायकलची बॅटरी कुठल्या बाजूला असते ते माहीत नाही.)

पहिली गोष्ट मुहूर्ताची. नवं यंत्र असं उठून कधीही सुरू करायचं नसतं. लग्न मेमध्ये झालं, त्यानंतर ऊन फार होतं, मग आषाढ लागला, मग श्रावणात मंगलाचे उपास, मग पितृपक्ष. असं करता करता डबा पाच महिने कपाटावर राहिला, वर स्वच्छ फडकं. निकिता तोवर तिच्या कॉलेजच्या जुन्या लॅपटॉपवर काम ओढत होती. एकदा तिने विचारलं, बाबा, उघडू का? मी म्हटलं, दसऱ्याला. ती बरं म्हणाली. आता कळतं की वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात (बिल लग्नाच्या महिनाभर आधीचं), पितृपक्षाचे दिवस वजा करत नाहीत. आणि बॅटरी डब्यात रिकामी पडून राहिली की तिथेच म्हातारी होते. हे डब्यावर लिहिलेलं होतं म्हणे. पण डबा उघडायचा नव्हता, मग वाचणार कोण?

दसऱ्याला तुम्ही जोडीने सोनं घेऊन आलात. पूजा झकास झाली. आगारात आम्ही दरवर्षी खंडेनवमीला गाडीला हार घालून बोनेटपाशी नारळ फोडायचो, तशीच रीत. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. नारळाचा मान अर्थातच व्याह्यांचा. तुम्ही तो कसा फोडलात ते अजून डोळ्यांसमोर आहे. एका फटक्यात! शेताचा हात तो. पाणीही भरपूर होतं, नारळ चांगला निघाला. त्यातलं थोडं बटणांवर गेलं. मी ते धोतराच्या सोग्याने लगेच टिपलं, आणि यंत्र सुरू झालं, म्हणून कोणी काही बोललं नाही. (मी हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. मान तुमचा होता, तो दुसऱ्या कोणाला देणं शोभलंही नसतं.)

मग चार्जिंग. बसची बॅटरी काय किंवा माणूस काय, भरलेला असला की निर्धास्त. मी नियम केला, प्लग चोवीस तास लावलेला. निकिता हळूच म्हणाली, बाबा, हिला ऐंशी टक्क्यांवर थांबवायचं असतं. ऐंशी! म्हणजे ताटात वाढलेलं वीस टक्के टाकून उठायचं? आमच्या आईने हे ऐकलं असतं तर उपाशी ठेवलं असतं. तरी ती ऐंशीवर प्लग काढायची आणि मी येता जाता परत लावायचो. हे दोनेक महिने चाललं. पुढे तिने काढणं बंद केलं. आमच्याकडे सुनेने उलट बोलायचं नाही असा काही कायदा नाही, पण ती बोलली नाही, आणि मला वाटलं तिला पटलं.

थंडीत आणखी एक केलं. यंदा नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. थंडीत बॅटरी आखडते, सकाळी बस धक्का मारल्याशिवाय निघत नाही. म्हणून काम संपलं की मी लॅपटॉपवर मंगलाची जुनी गोधडी घालत असे, प्लगसकट. आत चांगली ऊब धरायची. हात लावला की मला समाधान वाटे. कांदा झाकून कोंडला की सडतो हे मी तुम्हाला काय सांगावं, पण तुमच्या चाळीतली अक्कल मला आमच्या बेडरूममध्ये सुचली नाही. मार्चमध्ये लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला. पोट सुटलं होतं. मी मंगलाला म्हटलं, बघ, खाल्लेलं अंगी लागतंय.

परवा त्याला कॉलेज रोडच्या दुरुस्ती केंद्रात घेऊन गेलो. दवाखान्यासारखी शांतता, हातात चिठ्ठी, भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र (त्यांची बॅटरी बहुधा वॉरंटीत होती). काउंटरवर साक्षी नावाची मुलगी होती. तिने वॉरंटीचा कागद दिला. त्याचा सारांश असा, की बॅटरी बदलून मिळेल, पण ती वापरल्याने झिजली असेल तर नाही, न वापरल्याने झिजली असेल तर नाही, गरम झाली तर नाही, ओली झाली तर नाही. हां, आपणहून फुगली असेल तर मिळेल. मी म्हटलं, आपणहूनच फुगलीय, आम्ही कोणी तोंडाने फुगवलेली नाही. ती हसली नाही.

तिने यंत्र उलटं करून उघडलं. आत झेंडूची वाळकी पाकळी, तीन अक्षता आणि कोपऱ्यात कुंकू. ‘काका, हे काय?’ मी म्हटलं, पूजा. तिच्या फॉर्मात ‘बाह्य पदार्थ’ असा रकाना होता. अक्षता बाह्य कशा, त्या देवाच्या, यावर आमचा पाव तास वाद झाला. ‘आम्हीपण मशीनची पूजा करतो काका,’ ती म्हणाली, ‘पण नारळ पायरीवर फोडतो.’ हे मला आधी सुचायला हवं होतं.

खरा घोळ पुढे आहे. यंत्राच्या आत एक पांढरी टिकली चिकटवलेली असते. पाणी लागलं की ती लाल होते, आणि लाल झाली की वॉरंटी गेली. आमची टिकली लाल होती. पण तिच्यावर कुंकूही होतं! मी म्हटलं, ही पाण्याने लाल झालेली नाही, पूजेने झालेली आहे, सिद्ध करा. साक्षीने वरच्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी भिंग लावलं, नखाने खरवडलं, वास घेतला, आणि शेवटी ‘निश्चित सांगता येत नाही’ असा शेरा मारला. चिमाजीराव, एकतीस वर्षं मी सरकारी शेरे वाचले. इतका गोड शेरा पाहिला नाही. आता ज्याच्या नावावर बिल आहे त्याने दुजोरा दिला की बॅटरी नवी मिळेल. तोवर त्यांनी यंत्र परत दिलं आणि बजावलं, की गोधडी बंद, समोर कोणी बसलेलं नसेल तर प्लग बंद.

इतकंच. विहीणबाईंना सांगा, मंगला कुरडयांचं सामान घेऊन ठेवतेय. तुमची कृपादृष्टी असू द्यावी, लहानमोठं मनात धरू नये.

आपला,
खंडेराव

ता.क. १ – बिल तुमच्या नावावर आहे आणि मोबाईल नंबरही तुमचाच दिलेला आहे. शनिवारी सकाळी अकरा वाजता मी काउंटरवर उभा राहीन. तेव्हा तुमच्या फोनवर चार आकडे येतील, ते मला फोनवर सांगायचे. कालही मी हेच मागत होतो. पण बँकेच्या त्या फसवणुकीच्या मेळाव्याला जाऊन आल्यापासून तुम्ही कोणाचा आवाज खरा मानत नाही. ‘भामट्या, माझ्या याह्याचा आवाज काढतो का? लय पाह्यले तुझ्यासारखे!’ असं जो ऐकत होता तो मीच होतो. त्यानंतरच्या तीन शिव्या मी नात्याकडे पाहून गिळल्या. चौथी माझ्या आईवर, म्हणजे मंगलाच्या सासूबाईंवर होती, ती मंगलाला सांगितली नाही. म्हणून हे पत्र स्वतःच्या अक्षरात लिहून चांदवडवरून जाणाऱ्या मालेगाव गाडीचा कंडक्टर भिकन याच्या हातून पाठवतोय. तो खरा माणूस आहे, चिमटा काढून पाहावा.

ता.क. २ – साहेब तुम्हाला विचारतील, पाणी सांडलं होतं का? तर नाही म्हणावं. ते सांडलं नव्हतं, अर्पण केलं होतं. शपथेवर सांगायला हरकत नाही.

ता.क. ३ – पाकीट बंद करण्याआधी निकिताने पत्र वाचलं. मी दिलं नव्हतं, तिने टेबलावरून घेतलं, आणि पहिल्यांदाच विचारलं नाही. ती म्हणते, वरचं कलम खोडा, पप्पांना खरं तेच सांगू द्या, बॅटरी मिळो न मिळो. आणि म्हणते, ‘बाबा, मी पुण्याचा विचार बॅटरीसाठी करत नाहीये. या घरात मला प्लगसुद्धा विचारून काढावा लागतो, म्हणून करतेय.’ आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मला उत्तर सुचलं असतं.

मी अर्धा तास गच्चीवर बसलो. मग खाली आलो आणि म्हटलं, बॅटरी तुझी. प्लग तुझा, बटण तुझं, कधी लावायचा आणि कधी काढायचा ते तू ठरव. तिने तिथल्या तिथे प्लग उपटला. लॅपटॉप फटकन बंद झाला (सात मिनिटंही राहिली नव्हती), आणि तिचं अर्धं काम गेलं. ती जी हसायला लागली ती थांबेचना. मंगला स्वयंपाकघरातून धावत आली. मलाही हसू आलं, आणि डोळ्यांत पाणी आलं, ते पाणीच होतं.

पुण्याला जाणार नाही असं मात्र ती अजून म्हणालेली नाही. शनिवारी अकरा वाजता फोन उचला, आणि शिव्या द्यायच्या तर आकडे सांगून झाल्यावर द्या.