किल्ल्या विलासिनीच्या हाती

मी, करिपोट वीट्टिल तंकमणी, वय सदुसष्ट, पॉलिटेक्निकमधून निवृत्त शिक्षिका, अविवाहित, राहणार ओट्टपालम, जिल्हा पालक्काड, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझा आजार यकृतात आहे, डोक्यात नाही; तसा डॉ. मर्सी चाण्डी यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू पाहणारे येऊन गेले, त्यांना चहा पाजून वाटेला लावले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण आपणही मरणार हे मला आत्ताआत्तापर्यंत पटले नव्हते.

१. राहते घर, भोवतालची बाग, माड आणि विहीर यांसह, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा श्रीजित याला द्यावे. तो ते पाडून फ्लॅट बांधणार हे मला ठाऊक आहे. मागच्या ओणमला पानावर पायसम वाढायच्या आधीच त्याने नकाशा उघडला आणि म्हणाला, "वल्यम्मा, लिफ्टसुद्धा असेल." मेलेल्या बाईला लिफ्टचे काय कौतुक? तरी द्यावे. मावशीची माया आंधळी असते म्हणतात. माझी डोळस आहे, पण आहे.

२. बँकेतील ठेवींपैकी अर्धा भाग कार्त्यायनीला द्यावा. तिने माझ्या घरी स्वयंपाक केला आणि आता माझे दुखणे काढते आहे. उरलेला अर्धा अंध मुलींच्या वसतिगृहाला द्यावा. सोन्याच्या बांगड्याही कार्त्यायनीच्याच. श्रीजितच्या बायकोने त्यांच्याविषयी स्वयंपाकघरात चौकशी केली होती. तिला सांगावे, मी ऐकले होते.

३. माझे दोन्ही संगणक आणि तारांना डाग देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची, हत्यारे वसतिगृहाला द्यावीत. संगणकांतील सर्व काही आधी पुसून टाकावे, मगच घराबाहेर काढावेत. प्रश्न विश्वासाचा नाही, शिस्तीचा आहे.

४. आता ज्यासाठी हा कागद लिहायला घेतला ते. गंगाधरन माष (मास्तरांना आमच्याकडे माष म्हणतात) आणि मी त्यांच्या संगणकाच्या दुकानात मागच्या बाकावर बसून तीन कामे उभी केली: मल्याळम अक्षरांचे वळण म्हणजे फॉन्ट, ते टाइप करण्याची सोय, आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे 'नादम'. तिन्ही सर्वांसाठी खुली आहेत. कोणीही फुकट घ्यावे, आत काय आहे ते उघडून पाहावे, दुरुस्ती सुचवावी. पण ती दुरुस्ती मूळ प्रतीत घालण्याचा अधिकार मोजक्यांकडे असतो, आणि असा अधिकार कोणाला द्यायचा, कोणाचा काढायचा, हे आज एकट्या माझ्या हातात आहे. आमच्यात या अधिकारांना किल्ल्या म्हणतात. अंध मुली शाळेची पुस्तके आणि बँकेचे निरोप नादमकडून ऐकतात. या किल्ल्या माझ्याबरोबर जळाल्या तर तिन्ही कामे कुलूपबंद होतील. भलत्या हाती गेल्या तर त्या मुलींच्या कानात कोणीही काहीही सांगेल. घरापेक्षा मला याचा घोर जास्त आहे.

५. 'मिंट' एवढ्याच नावाने ओळखला जाणारा एक गृहस्थ बराच काळ आम्हाला उत्तम दुरुस्त्या पाठवतो. त्याचा चेहरा, गाव कोणी पाहिलेले नाही. माझे आजारपण कळल्यापासून कधी न ऐकलेली माणसे पत्रे लिहितात की म्हातारीला झेपत नाही, मिंटला किल्ली द्या. त्याला किल्ली देऊ नये. दुरुस्ती चांगली असेल तर तपासून घ्यावी, आभार मानावेत, आणि दार लावावे. श्रीजितलाही देऊ नये. तो भला मुलगा आहे, पण त्याचा पासवर्ड त्याच्या कुत्र्याचे नाव आहे.

६. तिन्ही कामांच्या किल्ल्या गंगाधरन माषांची पत्नी विलासिनी हिला द्याव्यात.

हे वाचून लोक चकित होतील, कारण विलासिनी गेली सहा वर्षे माझ्या घराची पायरी चढलेली नाही. माष गेले तेव्हा आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्यांच्या घरामागे दक्षिणेला, आंब्याचे झाड तोडून, त्यांना अग्नी दिला. मी घरी येऊन आंघोळ केली आणि त्यांचा अधिकार काढून टाकला. असे झाले की संगणक सर्व सभासदांना आपोआप कळवतो. विलासिनीने तो निरोप माषांच्या फोनवर, सांत्वनाच्या निरोपांमध्ये वाचला. ती दारात येऊन म्हणाली, "सोळाव्या दिवसाचं कार्य तरी होऊ द्यायचं होतं, टीचर. तुमच्या यादीतसुद्धा त्यांना तेवढे दिवस राहू दिलं नाहीत." मी म्हणाले, नियम आहे. ती गेली.

त्यानंतर काय झाले ते मी कोणाला सांगितले नाही. माषांच्या दुकानाच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता होता. त्यांचे ई-मेल तिथेच येई. ते गेल्यावर त्याचे पैसे कोणी भरले नाहीत आणि तो पत्ता कोणा अनोळखी माणसाने विकत घेतला. मग त्याने 'पासवर्ड विसरलो' असे कळवून नवा त्याच पत्त्यावर मागवला आणि माषांच्या नावाने आत आला. नादममध्ये स्वतःचे काहीतरी घालू पाहिले. त्या नावाला अधिकार उरला नव्हता म्हणून जमले नाही. मेलेल्यांच्या किल्ल्या मानाने भिंतीवर टांगून ठेवायची आमच्या संगणकवाल्यांची रीत आहे, आणि चोर त्याच शोधतात.

मग विलासिनीच का? कारण रागावून गेली तरी तिने काम सोडले नाही. नादम कुठला शब्द चुकीचा उच्चारतो ते ती अजून लिहून पाठवते. नमस्कार नाही, खुशाली नाही, फक्त चूक. माझ्यावर राग धरून मुलींचे काम न अडवणारी दुसरी व्यक्ती मला माहीत नाही. तिला किल्ल्यांचे निमंत्रण मी अनेकदा पाठवले. आठवड्यात स्वीकारले नाही तर ते बाद होते. दर वेळी बाद झाले. आज पुन्हा पाठवले आहे, आणि या कागदाची प्रतही सुरेन्द्रन वकिलांच्या हाती तिच्याकडे.

७. माझा अंत होईल त्याच दिवशी विलासिनीने माझे नाव काढावे. सोळाव्याची वाट पाहू नये.

सही होण्यापूर्वी घातलेली भर: आज दुपारी विलासिनी आली. बसली नाही. सहावे कलम दोनदा वाचून तिने विचारले, "हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर त्यांच्या नावानं कोणी चोरी करायला आला होता, हेच तुझ्या डोक्यात राहिलं असतं," मी म्हणाले. "मला बरोबर ठरून काय मिळणार होतं?"

मग तिने फोन काढून निमंत्रण स्वीकारले आणि खुर्ची ओढून बसली.

"टीचर, सातवं कलम चुकलंय. सोमवारपासून तुम्हाला झोपेची इंजेक्शनं सुरू होणार. घरात दहा माणसं येणार-जाणार. झोपेत तुमचं बोट कोणीही फोनवर टेकवेल. तुमचं नाव आत्ताच काढायला हवं."

तिचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. पंचवीस वर्षे मी हेच शिकवले. आणि माझ्या तोंडून निघाले, "उद्या काढलंस तर?"

"टीचर," एवढेच ती म्हणाली.

मी मान हलवली. तिने नाव काढले. मला रडू आले, ते मी लपवले नाही. विलासिनी दिवेलागणीपर्यंत माझ्याजवळ बसून राहिली. सबब सातवे कलम माझ्या हयातीतच अमलात आले असून ते रद्द समजावे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझा आहे, आणि साक्षीदारांसमोर सही करत आहे.

करिपोट वीट्टिल तंकमणी (सही)

साक्षीदार:
डॉ. मर्सी चाण्डी (सही)
के. वी. सुरेन्द्रन, वकील (सही)

ओट्टपालम, १६ फेब्रुवारी २०२४