बाबांची पदकं उजवीकडे

वांगरॅटा, २ मे

ती. एनिडताईस,

धाकट्या मर्व्हिनचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही दोघं ठीक आहोत. नोरीनचा खोकला जुना आणि माझा हट्ट त्याहून जुना, दोन्ही जागच्या जागी आहेत.

पत्रास कारण, बाबा नापास झाले. गेले सात महिने मी त्यांचा चार बोटं उंचीचा पुतळा करत होतो (तू त्याला ‘बाहुल्या खेळणं’ म्हणालीस, ते मी विसरलो आहे). आमच्या छोटे सैनिक-पुतळे करणाऱ्यांच्या मंडळाच्या परीक्षेत उतरला, तर माजी सैनिकांच्या सभागृहातल्या काचेच्या कपाटात त्याला कायमची जागा मिळते. बाबांना कबर नाही, म्हणून ते कपाट मला हवं होतं. गणवेशाचा रंग अकरा वेळा खरवडून पुन्हा दिला. टोपीची डावी कड वर मुडपलेली, छातीवर सुईच्या टोकाने रंगवलेली पदकं. आमच्या मंडळात एकच कायदा आहे, जे खरं नाही ते करायचं नाही, आणि तो मीच मांडलेला. गेल्या वर्षी एका गृहस्थाच्या घोडेस्वाराला एक बटण जास्त होतं, म्हणून मीच त्याला बाहेर काढलं (ते गृहस्थ अजून मला ओळख दाखवत नाहीत).

परीक्षक डेस हॅलोरन. पंचवीस वर्षं सैन्यात काढलेला माणूस. भिंग लावून पुतळा चहूबाजूंनी फिरवून पाहिला, मग म्हणाला, “मर्व्ह, हे तुझे बाबा नव्हेत रे. हा तूच आहेस.”

“डोळे तपासून घे,” मी म्हणालो.

“ज्याची पदकं तो डावीकडे लावतो. उजवीकडे लावतात ती मागे राहिलेली पोरं. आणि तुझे बाबा न्यू गिनीच्या लढाईतून परत आलेच नाहीत ना? पदकं टपालाने आली. मग त्यांनी ती लावली कधी?”

ताई, दहाव्या वर्षापासून दर एप्रिलला युद्धात गेलेल्यांच्या स्मरणार्थ निघणाऱ्या संचलनात ती पदकं मी माझ्या उजव्या छातीवर लावतो. पदकं म्हटलं की हात तिकडेच जातो. बाबांच्या छातीवर ती कुणीच पाहिली नाहीत, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. घरी येऊन सुरीने खरवडून काढली आणि रडलो. (नोरीनला सांगू नकोस. रंगाच्या वासाने डोळे आले असं तिला वाटतंय.)

आता निघायच्या दिवशीचे बाबा करतोय, स्टेशनवरचे, बिनपदकांचे. नोव्हेंबरात डेस पुन्हा बघेल. गुडघ्याला जप.

तुझा,
मर्व्हिन

ता. क. स्टेशनवर तू होतीस, सात वर्षांची. मी दीड वर्षाचा, मला काहीच आठवत नाही. बाबांच्या डाव्या हातात काय होतं? डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं पत्र डेस पुरावा म्हणून मानतो.

आणखी एक. त्या हातावर बसेल असं भुईमुगाच्या शेंगेएवढं बाळ मी करून ठेवलं आहे. बाबांनी मला उचलून घेतलं होतं, असं लिही. घेतलं नसेल, तरी लिही.