दोन कप्प्यांची सृष्टी

तीर्थरूप दादा,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही म्हणून कागदावरच घालतो आहे. नीट घातला आहे असं समजावं.) तुमचा खोकला कसा आहे? वहिनींचे डोळे? इकडे सगळ्यांची प्रकृती उत्तम, फक्त तुमची मुंगी माझ्याशी बोलत नाही. किंवा मी तिच्याशी बोलत नाही. याबाबत घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही आमच्या हिचीच आहेत. मुंगीने तुम्हाला फोनवर कळवलं असेलच. पण लेक तुमची प्राध्यापिका, मुद्द्याचं तेवढं सांगते आणि बाकीचं गाळते. या प्रकरणात बाकीचंच महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तिच्या कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या खोलीत नमुन्यांच्या बरण्या ठेवायला कपाट हवं होतं. जुन्याला वाळवी लागली. (जीवशास्त्राच्या कपाटालाच वाळवी, यावर मी प्राचार्यांसमोर एक विनोद केला, तो त्यांच्यापर्यंत पोचला नाही.) त्यांचा कल तयार लोखंडी कपाटाकडे होता. पण मुंगीने सगळ्या स्टाफसमोर शब्द टाकला, की लाकडाचंच करू, माझ्या काकांसारखं काम दुसरा कुणी करत नाही. आता असा शब्द टाकल्यावर सुताराने काय करावं? मी जीव ओतला. किती कप्पे हवेत हे विचारायला हवं होतं असं ही म्हणते. पण जे आपल्याला माहीत आहे ते कशाला विचारायचं? मी कॉलेजची पायरी चढलो ती कपाट घेऊनच, हे खरं. तरी रद्दीतून आणलेला ज्ञानकोश मी ओळ न ओळ वाचला आहे आणि त्यात स्वच्छ लिहिलं आहे, की जीव दोन प्रकारचे, वनस्पती आणि प्राणी. मुंगी लहानपणी माझ्या कारखान्यात भुश्शाच्या ढिगावर बसायची तेव्हा तिला हे मीच शिकवलं. जे जागेवर राहतं ते झाड, जे निघून जातं तो प्राणी. तेव्हाही ती गप्प बसली नव्हती. "मग कुत्रा झोपला की झाड होतो का, काका?" मी म्हटलं, "तो उठेपर्यंत थांब, मग ठरवू."

तर मी दोन कप्प्यांचं कपाट केलं. मधोमध सागाची उभी फळी, वरखाली खाचेत बसवून सरसाने पक्की केलेली, एकही खिळा नाही. कपाट मोडेल पण फळी निघणार नाही. डाव्या दारावर पान कोरलं, उजव्यावर मासा. (माशाचे खवले मोजून कोरले आहेत. कुणी मोजत नाही, तो भाग वेगळा.) मुंगीने दारावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काका, किती सुंदर!" मग दार उघडलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, हे पाच हवे होते."

"काय पाच?"

"सृष्टी."

दादा, मी आजवर एकाच सृष्टीत राहत होतो. आता कळलं, की जीवाणूंची एक, एका पेशीच्या पण जरा बऱ्या परिस्थितीतल्यांची दुसरी, कवकांची तिसरी, आणि मग आपली झाडं आणि प्राणी. मी अळंबीची बरणी पानाच्या बाजूला ठेवली, तिने काढली. अळंबी झाड नाही. उलट झाडापेक्षा तिचं नातं आपल्याशी जवळचं. (त्या दिवशी हिने नेमकी अळंबीचीच भाजी केली होती. घास घशाखाली उतरेना.) स्पंज जन्मभर खडकाला चिकटून बसतो, तो मात्र प्राणी. पाण्यातला एक बारीक जीव शेपूट हलवत पोहतो आणि पानासारखा हिरवा राहून उन्हावर स्वतःचं अन्नही करतो. मी म्हटलं, बरं, पाच तर पाच. तर म्हणते, काही जण सहा मानतात आणि काही जण या सगळ्यांच्या वर आणखी तीन मोठे गट करतात. श्लेष्मबुरशी म्हणून एक चिकट प्रकार आहे, तो आधी कवकांत होता, तिथून उठवला. "माहिती वाढली की कप्पे बदलतात, काका." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मग तुझ्या शास्त्रज्ञांना सांग, आधी काय ते ठरवा, मग सुताराला बोलवा!" आणि निघून आलो. मागे प्राचार्य म्हणत होते, की खोली बघायला पाहुणे यायच्या आत बरण्या लागल्या नाहीत तर लोखंडी मागवतो. ते मला बोलले असते तर चाललं असतं. तिला बोलले.

घरी आल्यापासून मला काहीच धड दिसेना. भिंतीवरची ओल कोण, पावावरची बुरशी कोण? शेवटी ही म्हणाली, "आधी तुमचा कप्पा ठरवा. एका जागी बसायचं, हलायचं नाही आणि आयतं खायचं." मी हिशेब केला, तर अळंबी निघाली.

काल मुंगीचा तास चालू असताना कॉलेजात गेलो. (हत्यारं राहिली होती म्हणून. उगाच वेगळा अर्थ काढू नये.) आडव्या फळ्या घालून दोनाचे सहा कप्पे केले, पाच तिचे, सहावा रिकामा, उद्या कुणाला उठवलं तर त्याला जागा हवी. बरण्या लावत आणल्या आणि हातात दगडफूल आलं. चिठ्ठीवर तिचं अक्षर: बुरशी आणि शेवाळ, एकत्र राहतात. एका बरणीत दोन बिऱ्हाडं! कवकांकडे ठेवावं तर शेवाळ उपरं, वनस्पतींकडे ठेवावं तर बुरशी. पटाशी उचलली. मग त्या न निघणाऱ्या फळीला बरणीच्या मापाची खिडकी पाडली. दगडफूल आता अर्धं इकडे, अर्धं तिकडे आहे. मागे वळलो तर दारात मुंगी, पाठीमागे तिचा वर्ग. ती बोलली नाही, मीही नाही. हत्यारं गोळा केली आणि आलो.

वहिनींना नमस्कार.

तुमचा धाकटा

ता. क. — खरं काम राहिलंच. ती खिडकी शास्त्राला धरून आहे का, एवढं मुंगीला विचारावं. तुम्हालाच प्रश्न पडला असं दाखवावं. माझं नाव येऊ देऊ नये.

ता. क. २ — पाकीट चिकटवणार तोच मुंगी कारखान्यात आली. माझी एक पटाशी तिथेच राहिली होती, ती घेऊन. मुलं खिडकीतून बघायला रांग लावतात म्हणे, आणि लोखंडी कपाटाचा विचार प्राचार्यांनी सोडला. दुसऱ्या हातात बरणी होती, तीत वाळलेली श्लेष्मबुरशी. ओल मिळाली की हीच सरकत निघते. मी विचारलं, "ही कुठल्या कप्प्यात?" ती भुश्शावर बसली, नव्या साडीसकट, आणि म्हणाली, "रिकाम्या. आत्ता झोपलीय, काका. उठेपर्यंत थांबू, मग ठरवू."

ता. क. ३ — तेव्हा वरचं विचारू नये. अळंबीचं मात्र विचारावं. ते मला अजून पटलेलं नाही.